ॲक्शन फिगरचे माप आणि विक्रीची आखणी: या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

ॲक्शन फिगरची, म्हणजे हातपाय हलणाऱ्या प्लास्टिकच्या पात्र-बाहुल्यांची, मालिका काढायची असे ठरवणारा नवखा निर्माता बहुधा चेहऱ्यापासून सुरुवात करतो. तो पात्राची रेखाटने करून घेतो, त्रिमितीय प्रतिकृती छापून घेतो आणि ती हातात आल्यावर जे माप समोर दिसते, तेच पुढे कायम ठेवतो. हा क्रम उलटा आहे. माप एकदा ठरले की त्या पात्राची गाडी, त्याचा किल्ला, खोक्याचे आकारमान, दुकानातील जागा आणि छापील किंमत अशा सगळ्याच गोष्टी त्या मापाला बांधल्या जातात आणि नंतर ते बदलायचे म्हटले तर प्रत्येक डाय, म्हणजे प्लास्टिकचे भाग काढण्याचा पोलादी साचा, नव्याने करावी लागते. म्हणून चेहरा राहू द्यावा आणि आधी फूटपट्टी घेऊन बसावे.

पहिली पायरी: प्रमाण समजून घ्या

इंच आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे. 180 सेंटिमीटर उंचीचा माणूस 1:6 प्रमाणात 30 सेंटिमीटरचा होतो, 1:12 प्रमाणात 15 सेंटिमीटरचा आणि 1:18 प्रमाणात 10 सेंटिमीटरचा. बाजारात यांनाच ढोबळपणे 12 इंची, 6 इंची आणि पावणेचार इंची फिगर म्हणतात. मात्र दुकानातील सर्वच 6 इंची फिगर 1:12 प्रमाणात असतात असे नाही. 1:12 प्रमाणात पात्र मुळातच राक्षसी देहाचे असेल तर ते 8 इंचांचे असायला हवे आणि लहान मूल असेल तर साडेतीन-चार इंचांचे. मालिकेची जाहिरात ‘6 इंची’ अशी करावी, पण आतील कामगारांना, शिल्पकाराला आणि डाय करणाऱ्याला नेहमी प्रमाण सांगावे. एरवी दुसऱ्या वर्षी आलेला खलनायक पहिल्या वर्षीच्या नायकाशेजारी विसंगत दिसतो, आणि संग्राहकाच्या नजरेतून ती गोष्ट सुटत नाही.

दुसरी पायरी: सर्वांत मोठी वस्तू आधी मोजा

तुमच्या कथेतील सर्वांत मोठी वस्तू कोणती, हा मापाच्या निर्णयातील पहिला प्रश्न असतो. ती वस्तू विमान असेल, गलबत असेल किंवा गडाचा दरवाजा असेल. तिचे खेळणे करून विकण्याचा तुमचा विचार असेल, तर माप तिच्यावरून ठरते. हा धडा या उद्योगाने 1964 ते 1982 या काळात शिकला आणि तो इतिहास थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे.

हॅस्ब्रो कंपनीने 1964 मध्ये जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला, तेव्हा त्याची उंची सुमारे 12 इंच होती. मॅटेलची बार्बी 1959 पासून साडेअकरा इंच उंचीने विकली जात होती आणि तिच्या धंद्याचे गमक हे होते की बाहुली एकदा घेतली जाते, पण कपडे पुन्हा पुन्हा घेतले जातात. जी. आय. जोने तेच तत्त्व गणवेशांना आणि शस्त्रांना लावले. त्या तत्त्वासाठी 12 इंची माप योग्यच होते, कारण खऱ्या कापडाचा गणवेश त्या अंगावर नीट बसतो; चार इंचांच्या फिगरवर तेच कापड जाड आणि ताठ दिसते, शिवण बोटाएवढी वाटते आणि बटण लावणे अशक्य होते. थोडक्यात, कपडे विकायचे असतील तर मोठे माप घ्यावे.

पुढे 1977 मध्ये स्टार वॉर्स प्रदर्शित झाला. त्याच्या खेळण्यांचे हक्क घेण्यास तेव्हाच्या आघाडीच्या मेगो कंपनीने नकार दिला होता आणि ते सिनसिनाटी येथील केनर या कंपनीकडे गेले. येथे कपड्यांना महत्त्व नव्हते, याने आणि अवकाशयाने हीच मुलांना हवी होती. 12 इंची नायक बसेल असे यान करायचे तर ते घराच्या दारातून आत आणणेही कठीण झाले असते. 1973 च्या तेलसंकटानंतर प्लास्टिक महागलेले होते, ही गोष्टही हिशेबात होतीच. केनरने पावणेचार इंची माप निवडले, आणि 1978 मध्ये पहिल्या बारा फिगर दुकानांत आल्या. मान, दोन खांदे आणि दोन मांड्या असे पाचच सांधे त्यांना होते. चेहऱ्यांत फारसे बारकावेही नव्हते. तरीही मुलांनी त्या उचलल्या, कारण त्या यानात बसत होत्या. केनरने नंतर त्याच पात्रांच्या 12 इंची आवृत्त्याही काढल्या, पण त्या फार काळ टिकल्या नाहीत.

येथे एक बारकावा नवख्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. केनरची याने फिगरच्या प्रमाणात नव्हतीच. मिलेनियम फाल्कन हे यान कथेत सुमारे 35 मीटर लांबीचे मानले जाते. 1:18 प्रमाणात ते जवळजवळ दोन मीटरचे व्हायला हवे. केनरचे 1979 चे खेळणे साधारण अर्ध्या मीटरचे होते. चालकाच्या कक्षात दोन फिगर बसतात आणि झाकण बंद होते, एवढी एकच गोष्ट त्यांनी सांभाळली, बाकी यान त्या कक्षाभोवती आक्रसून घेतले. हॅस्ब्रोनेही 1982 मध्ये जी. आय. जो पावणेचार इंची मापात आणला आणि 1985 मध्ये त्याच्यासाठी यू. एस. एस. फ्लॅग ही विमानवाहू नौका काढली. ती सव्वादोन मीटरांहून थोडी लांब होती आणि खेळण्यांच्या इतिहासातील भव्य वस्तूंत आजही तिची गणना होते. पण 333 मीटर लांबीची खरी निमित्झ वर्गातील नौका 1:18 प्रमाणात केली असती, तर ती साडेअठरा मीटरची झाली असती. म्हणून मोठ्या वस्तूची पूर्ण लांबी प्रमाणात बसवण्याचा हट्ट धरू नये. जेथे फिगरचा हात लागतो, जेथे ती बसते किंवा ज्या दारातून ती आत जाते, तेवढेच भाग प्रमाणात ठेवावेत.

तुमच्या कथेत मोठी वस्तूच नसेल, सारा भर चेहऱ्यांवर आणि पोशाखाच्या तपशिलावर असेल आणि ग्राहक प्रौढ संग्राहक असेल, तर 1:12 प्रमाण सोयीचे पडते. मार्व्हल लेजंड्स ही मालिका 2002 पासून, स्टार वॉर्सची ब्लॅक सिरीज 2013 पासून आणि जी. आय. जोची क्लासिफाइड मालिका 2020 पासून याच सुमाराच्या मापात निघते. या मापात चेहरा ओळखू येतो, गुडघ्याला दुहेरी सांधा देता येतो आणि मोटारसायकलीसारखे वाहनही परवडते. विमान मात्र क्वचितच परवडते. हाँगकाँगच्या हॉट टॉइजसारख्या कंपन्या 1:6 प्रमाणात काम करतात, पण त्यांचा ग्राहक, किंमत आणि विक्रीची पद्धत सगळेच निराळे आहे. नवख्याने तेथून सुरुवात करावी, असे मला वाटत नाही.

तिसरी पायरी: घनफळाचा हिशेब करा

10 सेंटिमीटरची फिगर 15 सेंटिमीटरची केली की ती दीडपट महाग होईल, असा समज सर्रास आढळतो. उंची दीडपट होते, रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोनपट होतो आणि घनफळ जवळजवळ तीन पूर्णांक चार दशांश पट होते. 30 सेंटिमीटरला हेच घनफळ 27 पट होते. मोठ्या फिगर आतून पोकळ करतात, त्यामुळे प्लास्टिक इतके वाढत नाही; खोके मात्र त्याच हिशेबाने फुगते, आणि वाहतूकदार मोठ्या पण हलक्या मालाचे भाडे जागेवरून लावतो. ज्या कार्टनमध्ये लहान फिगरचे पन्नास नग मावतात, त्यात 6 इंची फिगरचे पंधराही बसणार नाहीत. गोदामाचे भाडेही त्याच पटीत वाढते.

चौथी पायरी: एका साच्यावर किती पात्रे निघतील ते पाहा

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरण्याच्या पद्धतीत, सर्वांत मोठा खर्च पोलादी डायचा असतो आणि तो एक नग काढा की लाख, सारखाच राहतो. त्यामुळे अनुभवी कंपन्या पात्रांची यादी करतानाच अंगांची यादी करतात. मेगोने 1972 पासून काढलेल्या 8 इंची महानायकांची शरीरे बहुतांशी एकच होती. डोके आणि कापडी पोशाख बदलला की नवे पात्र तयार होई. मॅटेलने 1982 मध्ये मास्टर्स ऑफ द युनिव्हर्समध्ये साडेपाच इंचांची रुंद, पिळदार शरीरे तेच भाग वापरून अनेक पात्रांना दिली. त्यांनी आणखी एक कसब दाखवले. त्यांच्या बिग जिम या मोठ्या मापाच्या जुन्या मालिकेतील वाघाचा साचा पडून होता. मास्टर्सचा नायक असलेल्या साडेपाच इंचांच्या ही-मॅनखाली तोच वाघ घोड्याएवढा दिसू लागला आणि बॅटल कॅट म्हणून प्रसिद्ध झाला. नवे माप निवडताना हाताशी असलेला जुना साचा त्या मापात काय होऊन बसतो, हे पाहण्याची दृष्टी कंपनीचा खर्च वाचवते.

1982 च्या पावणेचार इंची जी. आय. जोची रचना नवख्याने एकदा उघडून पाहावी. पाठीतील एक स्क्रू काढला की धडाचे पुढचे आणि मागचे असे दोन भाग सुटतात. आत एक काळी रबरी रिंग दिसते, जी पायांना जोडणाऱ्या धातूच्या आकड्याला धडाकडे ताणून धरते. त्या एका रिंगमुळे कंबर वळते, मांड्या हलतात आणि फिगर खाली बसते. कारखान्यात हे भाग सुटे तयार होत असल्याने एका पात्राचे हात, दुसऱ्याची कंबर आणि तिसऱ्याचे पाय घेऊन चौथे पात्र जुळवता येते. रबर वर्षांनी कडक होऊन तुटते आणि फिगरचे दोन तुकडे होतात, पण स्क्रू असल्यामुळे काही रुपयांच्या रिंगने ती पुन्हा उभी राहते. दुरुस्त करता येणारी रचना मला आजही चिकटवून बंद केलेल्या रचनेपेक्षा श्रेष्ठ वाटते.

पाचवी पायरी: किमतीपासून मागे या

खर्च जोडून त्यावर नफा चढवण्याची पद्धत या धंद्यात चालत नाही. ग्राहक कोणत्या आकड्यापर्यंत विचार न करता हात घालतो, तो आकडा आधी ठरतो आणि बाकीचे त्यात बसवले जाते. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. समजा, कर वगळता विक्रीची किंमत 1000 रुपये आहे आणि वितरक व दुकानदार यांचा मिळून वाटा 45 टक्के जातो. तुमच्या हाती 550 रुपये येतात. पात्र दुसऱ्याच्या मालकीचे असेल आणि स्वामित्वधन 10 टक्के असेल, तर 55 रुपये वजा होतात. खोके, वाहतूक आणि खराब निघणारे नग यांसाठी 95 रुपये धरले, तर 400 उरतात. डायसाठी 15 लाख रुपये लागले आणि 5000 नग काढले, तर प्रत्येक नगावर 300 रुपये चढतात. प्लास्टिक, रंगकाम, जुळणी, पगार आणि नफा एवढ्या सगळ्यांसाठी 100 रुपये राहतात, आणि तेवढ्यात भागत नाही. तीच डाय तीन पात्रांना वापरून 15000 नग काढले तर नगामागे डायचा भार 100 रुपयांवर येतो आणि हाती 300 रुपये राहतात. चौथ्या पायरीवरचा निर्णय येथे पैशांत दिसू लागतो. म्हणूनच पाचव्या पायरीवरून पुन्हा दुसऱ्या पायरीवर जाऊन माप बदलण्याची तयारी ठेवावी. डाय कापायला टाकण्याआधी असे दोन-तीनदा करणे हे नियोजनाचेच काम आहे.

छापील किंमत वाढवणे किती अवघड असते, हे अमेरिकेत दिसते. हॅस्ब्रोच्या 6 इंची फिगर 2013 मध्ये 19.99 डॉलरला मिळत होत्या, त्या दशकभरात 24.99 डॉलरवर गेल्या आणि प्रत्येक वाढीच्या वेळी ग्राहकांनी नाराजी दाखवली. सांधे कमी करणे, रंगाचे थर कमी करणे, खोक्यातील शस्त्रे काढून टाकणे या युक्त्या किंमत स्थिर ठेवण्यासाठीच असतात, आणि संग्राहक त्या एका नजरेत ओळखतो.

सहावी पायरी: दुकानातील जागेचा विचार करा

लहान फिगर पारंपरिक रीतीने पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा बुडबुडा चिकटवून हुकवर टांगतात. मोठी फिगर पारदर्शक खिडकी असलेल्या खोक्यात फळीवर उभी राहते. एका हुकवर आठ-दहा पुठ्ठे एकामागे एक असतात आणि ग्राहकाला फक्त सर्वांत पुढचा दिसतो. पुढे कोणी घेत नाही असे पात्र अडकले, तर मागची चांगली पात्रे दिसत नाहीत, माल उठत नाही, आणि दुकानदार पुढची खेप मागवत नाही. सबंध मालिका एका नावडत्या पात्रापायी बंद पडू शकते.

यावरचा उपाय कार्टनच्या मिश्रणात असतो. दुकानदाराला सुटी पात्रे न देता ठरावीक मिश्रणाचे कार्टन दिले जाते, आणि नायकाचे किती, साथीदाराचे किती, खलनायकाचे किती, हे कंपनी ठरवते. नवखे येथे समान वाटणी करतात. माझ्या मते पहिल्या कार्टनमध्ये जवळजवळ निम्मा वाटा नायकाचा ठेवावा, कारण नवीन मालिका घेणारे मूल प्रथम नायकच मागते. टॉय बिझ या कंपनीने मार्व्हल लेजंड्समध्ये 2005 च्या सुमारास आणखी एक तोडगा काढला: प्रत्येक फिगरच्या खोक्यात एका महाकाय पात्राचा एक अवयव ठेवायचा, म्हणजे ते पात्र पूर्ण करण्यासाठी ग्राहक नावडती फिगरही घेतो. पहिला असा महाकाय गॅलॅक्टस होता. 2007 पासून मालिका हॅस्ब्रोकडे गेली आणि त्यांनीही ही पद्धत पुढे चालवली. ही युक्ती फार प्रभावी आहे, पण एखाद्या पात्राचे नग कमी पडले तर ग्राहकाकडे एक हात नसलेला राक्षस उरतो आणि त्याचा राग रास्त असतो. ही पद्धत वापरायची तर सर्व पात्रांचे नग सारखे काढण्याची ऐपत हवी.

खोके कसे असावे यावर हॅस्ब्रोचाच अलीकडचा अनुभव उपयोगी आहे. वेष्टनातील प्लास्टिक काढून टाकण्याचे धोरण कंपनीने 2019 मध्ये जाहीर केले आणि त्यानुसार 6 इंची फिगर पूर्ण बंद पुठ्ठ्याच्या खोक्यांत येऊ लागल्या. हेतू उत्तम होता. पण चेहऱ्याचे रंगकाम बघून फिगर निवडण्याची सवय असलेल्या ग्राहकाला आतले काहीच दिसेना, आणि खोके उघडून आतील वस्तू बदलण्याचे प्रकारही वाढले. 2023 पासून खिडकी परत आली. ज्या मालाचा दर्जा प्रत्येक नगाला थोडा बदलतो, तो ग्राहकाला दिसलाच पाहिजे.

सातवी पायरी: तयार होण्याआधी विकता येईल का ते तपासा

1977 च्या नाताळात केनरकडे स्टार वॉर्सच्या फिगर तयार नव्हत्या. त्यांनी अर्ली बर्ड नावाचे पाकीट विकले. त्यात एक चित्रफलक आणि एक प्रमाणपत्र होते, जे पाठवल्यावर पुढल्या वर्षी ल्यूक, लिया, च्युबाका आणि आर-टू डी-टू या चार फिगर टपालाने घरी येत. रिकाम्या खोक्याची विक्री म्हणून त्याची तेव्हा टिंगल झाली, तरी ग्राहकाकडून आगाऊ बांधिलकी घेऊन नंतर माल देण्याची ही रीत आज सर्वत्र रूढ आहे. मॅटेलने 2008 मध्ये सुरू केलेल्या ही-मॅनच्या नव्या मालिकेसाठी पुढे काही वर्षे आपल्या संकेतस्थळावरून वार्षिक वर्गणी घेतली. हॅस्ब्रोने 2018 मध्ये स्टार वॉर्समधील जब्बा या खलपात्राचे शिडाचे जहाज पावणेचार इंची मापात करण्यासाठी 499.99 डॉलर किमतीला किमान 5000 मागण्या आल्या तरच काढू असे जाहीर केले आणि 8810 मागण्या आल्या. दुकानाच्या फळीवर कधीच न मावणारी सव्वा मीटरची वस्तू अशा रीतीने निघाली.

मराठी किंवा भारतीय पात्रे घेऊन लहान प्रमाणावर उतरणाऱ्याने हाच मार्ग आधी चोखाळावा. मात्र आगाऊ पैसे घेताना किमान मागणीचा आकडा, माल देण्याची मुदत आणि मागणी अपुरी राहिल्यास पैसे परत करण्याची अट लेखी सांगावी. पहिल्याच मालिकेत दिलेली मुदत चुकली, तर तोच ग्राहक दुसऱ्यांदा आगाऊ पैसे देत नाही.

आठवी पायरी: भारतातील नियम आणि डायची मालकी

भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. भारतीय मानक ब्यूरोचा परवाना ज्या कारखान्यात माल तयार होतो त्या कारखान्याच्या नावे दिला जातो. तुम्ही बाहेरून काम करून घेणार असाल, तर त्या मोल्डिंगवाल्याकडे खेळण्यांचा परवाना आहे का, हा पहिला प्रश्न असावा. पावणेचार इंची फिगरची बंदूक किंवा शिरस्त्राण लहान मुलाच्या घशात अडकू शकते, त्यामुळे वयोगटाची सूचना आणि सुट्या भागांची चाचणी माप ठरवतानाच विचारात घ्यावी. आयात करून विकण्याचा विचार असेल, तर खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले, हेही हिशेबात धरावे. बाहेरून तयार माल आणण्यापेक्षा येथेच डाय करून घेणे आता पूर्वीपेक्षा अधिक परवडते, त्यामागे हे मोठे कारण आहे.

येथे काही नवीन नाही. हे काम आपल्याकडे झालेले आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून 1987 मध्ये फनस्कूल उभी राहिली, तिचे कारखाने गोव्यात आणि तमिळनाडूत चालले, आणि पावणेचार इंची जी. आय. जो भारतीय मुलांच्या हाती आले ते तिच्यामुळे. परदेशात ज्यांचे उत्पादन थांबले होते, अशा जुन्या डाय येथे आल्या, त्यांतून वेगळ्या रंगांत फिगर निघाल्या, आणि अमेरिकेतील संग्राहकांनी त्या येथून मागवून घेतल्या. डायचे आयुष्य मालिकेपेक्षा मोठे असते, हे त्यावरून दिसते. म्हणून मोल्डिंगवाल्याशी करार करताना डाय तुमच्या मालकीची आहे, तिच्यावर तुमचे नाव व क्रमांक कोरलेला असेल, तुमच्या लेखी परवानगीशिवाय तिच्यातून एकही नग निघणार नाही आणि काम संपल्यावर ती गंज न लागता, तेल लावून, दोन्ही अर्धे एकत्र बांधून परत मिळेल, ही चार कलमे घालावीत आणि शेवटचे बिल चुकते करण्यापूर्वी डाय ताब्यात घ्यावी.